मांडव, प्रहर आणि परगावचा श्रोता

हिंदुस्थानी संगीताविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात गायकांविषयी पुष्कळ आहे आणि घराण्यांविषयी त्याहून अधिक आहे. गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग'पासून वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'पर्यंत ही परंपरा चांगली भरभक्कम आहे. श्रोता मात्र या लेखनात ओझरता येतो. आला तरी तो बहुधा शहरातला असतो, जाणकार असतो, गायकाच्या नजरेच्या टप्प्यात बसलेला असतो. सतरंजीच्या अगदी शेवटच्या टोकाला, उशाला पिशवी घेऊन बसलेला परगावचा माणूस कुणाच्या लेखात फारसा दिसत नाही. तो कुठून आला, कसा आला, मैफल संपल्यावर कुठे गेला, हे प्रश्न संगीतसमीक्षेच्या कक्षेत येत नाहीत असे आपण गृहीत धरलेले असते. मला ते तसे वाटत नाही. मैफल कुठे होते याइतकेच ती केव्हा होते यालाही महत्त्व आहे, आणि 'केव्हा' बदलले की 'कुणासाठी' हेही बदलते. हे मला ग्रंथांनी शिकवलेले नाही; आमच्या घरातल्या एका जुन्या वहीने शिकवले.

पण आधी पुण्याच्या त्या महोत्सवाविषयी. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. किराणा घराण्याचे हे थोर गायक १९५२ साली गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात संगीतमहोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. पुढे अनेक वर्षे तो शाळांच्या मैदानांवर झाला: आधी रेणुका स्वरूप प्रशालेच्या, नंतर रमणबागेतल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या. २०१८ पासून तो मुकुंदनगरात महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. २०२० आणि २०२१ या वर्षांत करोनामुळे खंड पडला. २०२२ च्या डिसेंबरात मांडव पुन्हा उभा राहिला.

शाळेचे मैदान ही जागा मोठी मजेची आहे. जिथे एरवी मुले कवायत करतात तिथे डिसेंबरातले काही दिवस हजारो माणसे मांडी घालून बसतात. पुण्यात रंगमंदिरांची वाण नव्हती. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले, त्याआधीपासूनही गाण्याच्या बैठकी होत होत्या. पण रंगमंदिराला आसनसंख्या असते, क्रमांक असतात, दार असते. मांडवाला कडेला कनात असते आणि कनातीबाहेरही ऐकू येते. रंगमंदिरात माणूस खुर्ची विकत घेतो. मांडवात तो सतरंजीवरची हातभर जागा धरतो आणि शेजाऱ्याला सरकायला लावून दुसऱ्यालाही सामावून घेतो. भारतीय बैठकीचे तिकीट स्वस्त, खुर्चीचे महाग, सोफ्याचे त्याहून महाग. ही उतरंड मांडवातही होतीच आणि आहेच. तरी गाणे एकदा सुरू झाले की खुर्चीवरच्याला आणि सतरंजीवरच्याला सूर सारखाच मिळतो, हा मांडवाचा धर्म.

आता वहीविषयी. माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. घाटनांदूरच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण म्हणावे असे त्यांच्यापाशी नव्हते. रेडिओ होता आणि कान होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे दहा-बारा वर्षे ते दर डिसेंबरात सवाई गंधर्वला जात. रजेचा अर्ज, अंबाजोगाईहून एस.टी., सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, एक कांबळे आणि ही वही. तेव्हा महोत्सव रात्रीचा असे. संध्याकाळी सुरू झालेले गाणे रात्रभर चालायचे आणि अखेरची मैफल सकाळच्या उन्हात संपायची. समारोपाला कित्येक वर्षे स्वतः भीमसेनजी गायला बसत, आणि मग सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका ऐकून लोक उठत.

मामांच्या वहीत रसग्रहण नाही. तीन रकाने आहेत: वाजले किती, राग कोणता, आणि शेरा. शेऱ्यात 'उत्तम', 'तबला मोठा', 'शेजारचे गृहस्थ घोरत होते' इतपतच मजकूर. एके ठिकाणी लिहिले आहे, 'तीनला डोळा लागला. जाग आली तेव्हा ललत चालू. प्रथम वाटले घरीच आहे, काकडा चालू आहे.' मराठीची प्राध्यापिका म्हणून मी आजवर समीक्षेची पुष्कळ पाने वाचली; रागाचा आणि वेळेचा संबंध इतक्या थोड्या शब्दांत सांगणारे दुसरे वाक्य माझ्या वाचनात नाही. झोपेतून अर्धवट जागा झालेला माणूस गावाकडची पहाट आणि पुण्याचा मांडव यांत गल्लत करतो, कारण दोन्हीकडे एकच प्रहर गात असतो.

आपल्याकडे दिवसरात्रीचे आठ प्रहर आणि प्रत्येक प्रहराचे राग ही कल्पना साहित्याच्या विद्यार्थ्यांना अनेकदा संकेत वाटते, कविसमयासारखी. तिच्यात किती तथ्य आहे हे भूप आणि देसकार या दोन रागांवरून पाहावे. स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात वर्चस्व गंधाराचे, देसकारात धैवताचे. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. सामग्री एक असूनही प्रकृती दोन, आणि त्या दोन प्रकृतींना ओळखण्याची एक खूण म्हणजे वेळ. तीच गोष्ट संधिप्रकाश रागांची. मारवा, पूरिया, श्री हे सूर्यास्ताचे. ललत, भटियार हे सूर्योदयापूर्वीचे. दोन्हीकडे कोमल ऋषभ असतो, पण संध्याकाळी तो मनाला उदास करतो आणि पहाटे तोच आशा लावतो. हा फरक स्वरलिपीत लिहिता येत नाही. त्यासाठी ती वेळ अंगावर यावी लागते.

आमच्या तालुक्याला तर ही जाण फार जुनी आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांची कीर्ती पासोडीमुळे अधिक. चाळीस फूट लांबीच्या कापडावर ग्रंथ लिहिणारा कवी म्हणून विद्यार्थी त्यांना ओळखतात. पण त्यांची पदे पाहिली तर त्यांवर राग आणि ताल यांचे निर्देश आढळतात. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीवर मराठवाड्यात बसून पदरचना करणाऱ्या कवीला आपले पद कोणत्या रागात म्हटले जावे याची फिकीर होती. पद हे केवळ वाचायचे नाही, ते विशिष्ट सुरात उभे राहायचे आहे, हे त्याला ठाऊक होते. आम्ही मात्र ही पदे वर्गात दुपारी साडेबाराला, पंख्याच्या आवाजात, परीक्षेपुरती वाचतो.

रात्रभराच्या मैफलीने परगावच्या श्रोत्याला आणखी एक गोष्ट दिली होती, जिचा उल्लेख संगीताच्या लेखनात येणे कठीण. तिने त्याला निवारा दिला होता. मामांना पुण्यात नातेवाईक नव्हते आणि लॉजचे भाडे परवडणारे नव्हते. मांडव हीच त्यांची धर्मशाळा होती. तिकिटात गाणे होते आणि रात्रही होती. १९८० च्या दशकात दोनदा माझी आईही त्यांच्याबरोबर गेली. तिला राग ओळखता येत नसत. पण ती सांगते की लग्नानंतर त्या दोनच रात्री अशा होत्या, की तिला कुणासाठी उठावे लागले नाही. सभोवती शेकडो बायका होत्या, कुणी ऐकत होत्या, कुणी लेकराला मांडीवर घेऊन पेंगत होत्या. दिवे होते, गाणे होते, माणसे होती, भीती नव्हती. बाईमाणसाने घराबाहेर उघड्यावर रात्र काढावी आणि ती निर्धास्तपणे काढावी, अशा जागा आपल्या समाजात किती आहेत? वारी आहे, यात्रा आहे, गावचा हरिनाम सप्ताह आहे. आईच्या लेखी पुण्याचा मांडव त्याच यादीतला होता.

ही व्यवस्था संपली. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० साली आले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातून काही ठरावीक दिवस, फार तर पंधरा, राज्य शासन ही मर्यादा बारापर्यंत वाढवू शकते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची काटेकोर अंमलबजावणी व्हावी असा निर्णय दिला, आणि उघड्या मांडवातली रात्रभराची मैफल हा प्रकार महाराष्ट्रात इतिहासजमा झाला. महोत्सवाने दिवस वाढवले, सुरुवात दुपारी आणली, कधी सकाळची सत्रे केली, एखाद्या दिवशी बाराची सवलत मिळवली. आयोजकांनी जे करता येण्यासारखे होते ते केले. तरी दुपार ते रात्री दहा या चौकटीत जे राग बसतात, तेच आता प्रामुख्याने ऐकायला मिळतात. मुलतानी, मधुवंती, मारवा, यमन, बिहाग, फार तर बागेश्री. दरबारीला मध्यरात्र हवी. ती दहाच्या आत कशी आणावी? परज, सोहनी, ललत, जोगिया यांना तर या चौकटीत जागाच नाही. गायकाच्या शिक्षणात हे राग आहेत, श्रोत्याच्या अनुभवातून ते निघून चालले आहेत. एखाद्या भाषेतले काही शब्द कोशात राहावेत आणि बोलण्यातून जावेत, तसे.

मी स्वतः पहिल्यांदा सवाईला गेले ते २०१२ साली. महोत्सवाचे ते साठावे वर्ष होते आणि मांडव रमणबागेत होता. गाणे चांगले झाले. दहाच्या सुमारास सत्र संपले आणि दहा मिनिटांत मैदान रिकामे होऊ लागले. पुणेकर मंडळी दुचाकी काढून घराकडे निघाली. मी जवळच एका लॉजवर गेले. गल्ल्यावरच्या माणसाने माझ्याकडे, मग माझ्या मागे कुणी आहे का तिकडे पाहिले आणि एकट्या बाईला खोली देत नाही असे सांगितले. ओळखपत्र दाखवले, महाविद्यालयाचे नाव सांगितले. उपयोग झाला नाही. दुसऱ्या ठिकाणी तेच, शब्द तेवढे अधिक गोड. शेवटी पुणे स्थानकावर स्त्रियांच्या प्रतीक्षालयात रात्र काढली. रात्रभर ध्वनिवर्धक चालू असलेली शहरातली ती एकच जागा असावी. कोणती गाडी कोणत्या फलाटावर येणार हे तीन भाषांत ऐकताना मला मामांची वही आठवत होती. त्याच शहरात, त्याच महोत्सवासाठी, माझ्या फारशा न शिकलेल्या आईला जी रात्र सहज मिळाली होती, ती एम.ए. झालेल्या, नोकरी करणाऱ्या मला मिळाली नव्हती.

इथे थांबून नियमाला दोष देणे सोपे होते, आणि परत आल्यावर काही दिवस मी तो दिलाही. सांस्कृतिक र्‍हासाचे गाऱ्हाणे हा आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचा आवडता राग आहे; त्याला कोणताही प्रहर चालतो. पुढे एका चर्चासत्रासाठी २००५ च्या त्या निर्णयाचे वाचन करण्याचा योग आला. ज्या याचिकेतून तो निर्णय निघाला तिला एक वृत्तपत्रीय बातमी कारणीभूत होती. १९९८ च्या जानेवारीत छापून आलेली ती बातमी तेरा वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचाराची होती. ती मदतीसाठी ओरडत होती आणि शेजारी मोठ्याने लावलेल्या ध्वनिवर्धकावरच्या गाण्यांमुळे तिचा आवाज कुणालाही ऐकू गेला नाही. पुढे त्या मुलीने स्वतःला जाळून घेतले. निकालपत्राच्या कोरड्या इंग्रजी भाषेत हा प्रसंग अगदी सुरुवातीलाच येतो.

हे वाचल्यावर माझ्या हळहळीचा सूर बदलला. एका मांडवातल्या ध्वनिवर्धकाखाली माझी आई निर्धास्त झोपली होती आणि दुसऱ्या कुठल्या ध्वनिवर्धकाखाली एका मुलीची किंकाळी बुडाली होती. कायद्याने या दोन्हींत भेद करावा अशी अपेक्षा कशी करणार? आवाजाची पातळी मोजणारे यंत्र भीमसेनजी आणि डीजे यांत फरक करत नाही, आणि करू लागले तर कोणता आवाज संस्कृती आणि कोणता गोंगाट हे ठरवणारा कुणीतरी बसवावा लागेल. तो कोण असेल याची कल्पना करताच अंगावर काटा येतो. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत दहानंतर जे चालते ते ऐकणाऱ्याला तर या नियमाची गरज पटवून द्यावी लागत नाही. तेव्हा रात्र परत द्या असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. रात्र गेली तेव्हा तिच्याबरोबर कोण गेले, याची कुणी नोंद केली का?

नियमातच एक फट आहे, हे खरे. बंदिस्त सभागृहात, आवाज आतल्या आत राहत असेल तर, रात्री गायन-वादन करता येते. कोलकात्याची १९५२ पासून चालत आलेली डोव्हर लेन संगीत परिषद आजही नजरुल मंचात रात्र जागवते. पुण्या-मुंबईतही असे करता येईल. पण सभागृह म्हटले की आसनसंख्या आली, तिकीट चढले, आणि सतरंजीच्या टोकावरचा माणूस पुन्हा कनातीबाहेर गेला. आता तर तिथे ऐकूही येणार नाही. दुसरा उपाय घरबसल्या ऐकण्याचा. आता हवे ते गायन भ्रमणध्वनीवर मिळते, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. करोनाच्या काळात आम्ही त्याच्यावरच तगलो. मात्र त्यात प्रहर उरलेला नाही. तोडी मी रात्री अकराला भांडी आवरताना ऐकते. ती सुंदरच लागते. पण मामांसारखी गल्लत मला कधी होणार नाही, कारण माझ्या आणि तिच्या भोवती एकच वेळ नसते.

मला दिसतो तो उपाय पहाटेचा आहे. नियम सकाळी सहाला संपतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाला अजून अंधार असतो आणि सूर्य सातच्या आसपास वर येतो. ललत, भटियार, भैरव, रामकली, देसकार, तोडी यांसाठी कायद्याने दिलेली ही मोकळी वेळ आहे. मुंबईत 'प्रातःस्वर'सारख्या मालिकांनी ती वापरली आहे. पुण्यातही सकाळच्या मैफली अधूनमधून होतात. पण मोठ्या महोत्सवाचा कणा पहाट व्हावी, असे अजून कुठे घडलेले नाही. इतक्या सकाळी कोण येणार, अशी शंका शहरातून निघते. ती शहरापुरती खरी असेल. आमच्या गावात कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकड्याला माणसे चारला उठतात. त्यात म्हातारी असतात तशी शाळकरी मुलेही असतात. त्या काकड्याचा भोंगा सहाच्या आधी वाजतो आणि नियम मोडतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भोंगा बंद केला तरी काकडा चालेल, कारण तो भोंग्याआधी कैक शतके चालत आला आहे. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीला मी भटियारची एक ध्वनिमुद्रिका ऐकवली. रागाचे नाव तिला माहीत नव्हते. ती म्हणाली, "मॅडम, हे पहाटेचं आहे ना?" तिला ते कुणी शिकवले होते? शहरापाशी रंगमंच आहे, ध्वनियोजना आहे, कलावंत आहेत. पहाटेची सवय अजून आमच्याकडे शिल्लक आहे.

आणि या पहाटेत परगावच्या श्रोत्याची अडचणही आपोआप सुटते, ही गोष्ट मला अलीकडेच सुचली. अंबाजोगाईहून संध्याकाळी निघालेली एस.टी. पहाटे पुण्यात पोचते. आजवर ही वेळ अडचणीचीच मानली जाते. काम दहाला उघडणार आणि आपण पाचला स्थानकावर तोंड धुऊन बसलेलो. मैफल सहाला सुरू होणार असेल तर हीच वेळ नेमकी ठरते. रात्र बसमध्ये, सकाळ मांडवात, दुपारी परतीची गाडी. लॉज नको, गल्ल्यावरच्या माणसाची नजर नको. कुणाची झोप मोडत नाही, कुणाची हाक बुडत नाही. मामांच्या वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत. पहिल्या रकान्यात सहा वाजल्याची नोंद करायला मी जाईनच, आणि त्या विद्यार्थिनीलाही बरोबर नेईन. शेऱ्याचा रकाना तिने भरावा.